आरटीईचा पैसा झेडपीला द्यावा, खासगी शाळेला द्यावा की पालकाच्या हातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाणार, राहायला तालुक्याच्या गावी, ओबीसीचा दाखला तयार आहे, आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांमधल्या २५ टक्के राखीव जागांचा, फॉर्म भरायचाय, पण मनात दोन गोष्टी येतात. एक म्हणजे सरकार झेडपीच्या शाळा चालवतंच आहे तर वर खासगी शाळांची फी कशाला भरतंय, तो पैसा झेडपीतच का घालत नाही. आणि दुसरं, भरायचीच असेल तर अमेरिकेसारखं व्हाउचर, म्हणजे फीचं सरकारी कुपन, सरळ पालकाच्या हातात का देत नाही, ज्याला जिथं घालायचं तिथं घालेल.

मी आधी झेडपीच्या शाळेवर शिक्षक होतो, नंतर शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून रिटायर झालो. आरटीई पडताळणीच्या टेबलावर बरेच सीझन बसलोय आणि माझ्या भागातल्या (बीटातल्या) झेडपी शाळांचा पट घसरताना पण त्याच काळात बघितलाय, त्यामुळे दोन्हीकडची आरडाओरड तोंडपाठ आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, २५ टक्के राहू दे, त्याचे पैसे वेळेवर द्या, आणि व्हाउचरच्या नादाला आत्ता लागू नका. का ते सांगतो, लांबेल जरा.

सरकारने खासगी शाळेला पैसा का द्यावा, हा प्रश्न महाराष्ट्रात विचारायला आपल्याला दीडशे वर्षं उशीर झालाय. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून (इंग्रजांच्या काळातलं शिक्षण धोरण) हे चालू आहे, शाळा संस्थेने काढायची आणि अनुदान सरकारने द्यायचं. आज तुमच्या तालुक्यातलं हायस्कूल घ्या, रयतचं असेल नाहीतर कुठल्या शिक्षण प्रसारक मंडळाचं असेल, कागदोपत्री ते खासगीच आहे, कार्यकारिणी त्यांची, अध्यक्ष-सेक्रेटरी त्यांचे, पण सरांचा पगार शालार्थमधून (सरकारची पगाराची ऑनलाइन प्रणाली) सरकारी तिजोरीतूनच पडतो. म्हंजे पालकाने पोरगं झेडपीतून काढून अनुदानित शाळेत घातलं की सरकारचा पैसा त्याच्या मागोमाग जातोच, फक्त त्याला कोणी स्कूल चॉईस वगैरे म्हणत नाही.

आणि पैसा कुठं घालावा हे भांडण पण जुनंच. १८८२ ला इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात मुख्य तक्रार हीच होती की रयतेच्या कष्टातून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो आणि खेड्यातली प्राथमिक शाळा उपाशी राहते. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि प्राथमिकच्या मास्तरला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, असं स्पष्ट मांडलंय त्यांनी. मास्तरच्या पगाराचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर सरकारने हात आखडता घेतला. शाळेला परवानगी देतो पण अनुदान कधीच मागायचं नाही, अशा 'कायम विनाअनुदानित' शाळा आल्या, २००९ ला त्यातला 'कायम' काढला, मग टप्पा अनुदान, २० टक्के, ४० टक्के, ६० टक्के, आणि त्या एकेका टप्प्यासाठी आझाद मैदानावर बसलेले शिक्षक तुम्ही टीव्हीवर बघितले असतील. २०१२ ला स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला आणि मग गल्लोगल्ली इंग्लिश मीडियमचे बोर्ड लागले. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की आरटीईचे २५ टक्के हा काही सरकारी पैसा खासगीत जाण्याचा पहिला दरवाजा नाहीये, अनुदानाच्या मानाने ती एक छोटी खिडकी आहे.

आता ती खिडकी नेमकी काय आहे ते बघू, कारण इथंच बहुतेक लोक गल्लत करतात.

कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या कलम १२(१)(क) प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळेने पहिलीच्या पटाच्या निदान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या आणि आठवी होईपर्यंत फुकट शिकवायचं. संस्थाचालक सुप्रीम कोर्टात गेले, एप्रिल २०१२ मध्ये कोर्टाने हे कलम योग्य ठरवलं, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळल्या, २०१४ च्या निकालाने तर सगळ्याच अल्पसंख्याक शाळा कायद्याबाहेर गेल्या (ते बरोबर की चूक यावर आता पुन्हा मोठ्या बेंचचा विषय निघालाय). या कलमाचा हेतू गरिबाला भारी शाळा मिळवून द्यायचा एवढाच नव्हता. डॉक्टरचं पोरगं आणि डॉक्टरच्या दवाखान्यात झाडू मारणाऱ्या मावशींचं पोरगं एका बाकावर बसावं, हा होता. म्हणून 'परिसर' शब्द कायद्यात आहे. म्हणून शाळेला मूल निवडायचा अधिकार नाही, लॉटरी आहे. व्हाउचरवाले जे म्हणतात की पालकाला ग्राहक बनवा, शाळांमध्ये स्पर्धा लावा, त्याच्याशी या कलमाचं दूरचं नातं आहे, सख्खं नाही.

पैशाचं काय? कायदा म्हणतो, सरकार स्वतः एका मुलावर जेवढा खर्च करतं तेवढा किंवा शाळेची खरी फी, दोन्हीत जे कमी असेल ते शाळेला परत द्यायचं. ज्या शाळेने सवलतीत सरकारी जमीन घेतलीये आणि त्या बदल्यात फुकट जागा ठेवायचं आधीच कबूल केलंय तिला तेवढ्या जागांचे पैसे मागता येत नाहीत, हे कलम लोकांना माहीतच नसतं, शहरातल्या मोठ्या ट्रस्टांना मात्र चांगलं माहीत असतं. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये ठरला, कोविडच्या वर्षात तो ८,००० वर आणला. आता ज्या शाळेची फी लाखाच्या घरात आहे तिला १७,६७० म्हणजे चिल्लर, आणि ज्या शाळेची फी १५-१६ हजार आहे तिच्यासाठी तीच रक्कम वर्षभराचा श्वास. त्यामुळे एकाच योजनेवर दोन प्रकारच्या शाळा दोन वेगवेगळ्या कारणांनी बोंबलतात.

आणि खरी बोंब थकबाकीची आहे. पैसे वर्ष संपल्यावर, प्रस्ताव-पडताळणी-निधी उपलब्धता असं करत हप्त्याहप्त्याने येतात, चालू वर्ष सोडाच, मागच्या तीन-चार वर्षांचं काहीतरी आत्ता आलं असं असतंय. संस्थाचालकांच्या संघटना दोन हजार कोटींच्या वरची थकबाकी सांगतात. माझ्याकडे छोट्या शाळांचे चालक यायचे, एक-दोन मजल्यांची बिल्डिंग, तीही भाड्याची, आणि म्हणायचे साहेब बँकेच्या हप्त्याला सरकार थांबा म्हणेल का? त्यांना माझ्याकडे उत्तर नसायचं. सगळे संस्थाचालक चोर आहेत असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा बघावा.

पण याची वसुली होते कुणाकडून? पोराकडून. उघड फी मागता येत नाही ना, मग बाकीचे रस्ते निघतात. एकदा एक आई ऑफिसला आली, धुणीभांडी करणारी बाई, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पावत्या. शाळेचं नाव लिहीत नाही. पावत्यांवर कुठंही 'फी' शब्द नाही. एकीवर 'स्मार्ट क्लास', एकीवर 'अॅक्टिव्हिटी किट', एकीवर 'गॅदरिंग ड्रेस', आणि एकीवर चक्क 'स्वेच्छा देणगी'. बेरीज केली तर शेजारच्या अनुदानित शाळेत चार वर्षं शिकून झालं असतं. बाईंना विचारलं, तुम्ही स्वेच्छेने दिले का? तर म्हणाल्या, साहेब, सगळ्या मुलांना किट वाटलं आणि माझ्या पोराला सांगितलं तू नुसतं बघ. नियमाप्रमाणे या मुलांना पुस्तकं, गणवेश, लेखनसाहित्य फुकट मिळायला पाहिजे. आम्ही नोटीस काढली, शाळेने उत्तर दिलं की शासनाकडून प्रतिपूर्ती (फीची भरपाई) प्रलंबित आहे. दोघंही कागदावर बरोबर.

बरं, आता २०२४ चं प्रकरण, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरकारने दिलेलं उत्तर म्हणजे ते प्रकरण. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला, खासगी शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. कर्नाटकने असं आधी केलं होतं. आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावात झेडपी नाहीतर नगरपालिकेची शाळा किलोमीटरभरात असतेच, म्हणजे खासगी शाळा जवळपास सगळ्याच बाहेर. पोर्टलवर शाळांचा आकडा एकदम ७६ हजारांच्या वर गेला आणि जागा नऊ लाखांच्या घरात, कारण झेडपीच्या शाळाच त्यात टाकल्या. जिथं कोणीही उद्या सकाळी जाऊन नाव घालू शकतं त्या शाळेसाठी ऑनलाइन फॉर्म आणि लॉटरी! एरवी लाखभर जागांना तीन लाखांच्या वर अर्ज येतात, त्या वर्षी लाखसुद्धा आले नाहीत. पालक मूर्ख नसतात. मे महिन्यात हायकोर्टाने स्थगिती दिली, १९ जुलैला नियमच रद्द केला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घालायला नकार दिला. मधल्या काळात ॲडमिशन लांबल्या आणि कित्येक मुलांची पहिली पाऊस निम्मा झाल्यावर सुरू झाली.

कोर्टात सरकार हरलं, आणि मला विचाराल तर हरायलाच पाहिजे होतं, मूळ कायद्यात नसलेली सूट नियमातून देता येत नाही. पण सरकारचा मुद्दा अगदीच टाकाऊ होता असं मात्र नाही, आणि हे आमच्यातले बरेच जण बोलत नाहीत. हिशोब करून बघा. वीस पटाची झेडपी शाळा, दोन शिक्षक, पगार सरासरी ६५ हजार धरून चाला. वर्षाला १५ लाख ६० हजार, भागिले २०, एका मुलामागे ७८ हजार. तीच शाळा, तेच दोन शिक्षक, पण पट ६० असता (साठपर्यंत नियमाने शिक्षक दोनच लागतात) तर एका मुलामागे २६ हजार. म्हणजे एकविसावं मूल झेडपीत आलं तर सरकारचा जास्तीचा खर्च किती, तर पोषण आहार, पुस्तकं, गणवेश, बास. आणि तेच मूल आरटीईतून खासगीत गेलं तर झेडपीचा एक रुपया वाचत नाही, वर १७,६७० जातात. लोक मग ७८ हजार हा आकडा नाचवतात की बघा झेडपी किती महाग पडते, अरे बाबा ती महाग पडते कारण ती रिकामी झाली.

आणि रिकामी होण्याचा पुढचा अंक तर अजून वाईट आहे. पट घसरला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पद कमी होतं, शिक्षक अतिरिक्त ठरतो, दुसरीकडे समायोजन होतं. मागे राहिलेल्यांकडे पहिली ते पाचवी पाच वर्ग, त्यात एकजण बीएलओ म्हणून मतदार यादीच्या कामावर, एकजण ऑनलाइन माहिती भरायला केंद्रावर. मग उरलेल्या पालकांपैकी ज्यांना शक्य आहे ते म्हणतात इथं शिकवायलाच कोणी नाही, आणि ते पण काढतात. राज्यात २० च्या आत पट असलेल्या सरकारी शाळा २०२३ च्या सुमारास १५ हजारांच्या आसपास होत्या, आणि मग समूह शाळांच्या (छोट्या शाळा एकत्र करायच्या) नावाखाली त्या बंद करायच्या चर्चा निघतात. या शाळांमधली पोरं कोण? ऊसतोड्याची, मेंढपाळाची, वाडीवरची, पाड्यावरची. ज्यांच्या आईबापाला फॉर्म भरायला सायबर कॅफे गाठणं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवणं. निवडीचा हक्क ज्यांना वापरता येतो ते वापरतात आणि न वापरता येणाऱ्यांची शाळा पातळ होत जाते.

पण म्हणून आरटीई बंद करून झेडपी भरेल का? नाही भरणार. राज्यात वर्षाला आरटीईच्या जागा लाखाच्या आसपास, आठही इयत्ता भरलेल्या धरल्या तरी १७,६७० च्या दराने खर्च साधारण १,४०० कोटी, तोही पूर्ण दिलाय कुठं. शालेय शिक्षणावर राज्य त्याच्या कितीतरी पट खर्च करतं आणि त्यातला मोठा भाग पगार. झेडपीतून पोरं गेली ती मुख्यतः फी भरून गेली, आरटीईतून गेलेली थोडी. २०२४ च्या त्या नियमाने पण फी भरणारा एकही पालक परत आला नसता, फक्त फी न भरू शकणाऱ्याचं दार बंद झालं असतं. झेडपीतून लोक का जातात हे मला कुणी विचारलं तर मी तीनच गोष्टी सांगेन, वर्गाला शिक्षक नाही, बालवाडी शाळेला जोडलेली नाही त्यामुळे पोर तीन वर्षांचं असतानाच खासगीच्या नर्सरीत अडकतं, आणि इंग्रजी. तिसऱ्या गोष्टीवर सेमी इंग्लिशने थोडा उतारा निघाला, पहिल्या दोनवर फारसं काही नाही.

आता तुमचं व्हाउचर.

समजा उद्या सरकारने ठरवलं की प्रत्येक पालकाला १७,६७० चं कुपन. महिन्याला साधारण १,४७० रुपये. एका वर्गात ३० मुलं कुपन घेऊन आली तर शाळेकडे वर्षाला ५ लाख ३० हजार जमा, महिन्याला ४४ हजार. त्यात इमारतीचं भाडं, लाइट बिल, क्लार्क, शिपाई, संस्थाचालकाचं जे काय असेल ते, आणि उरलेल्यात शिक्षक. मग तो शिक्षक किती पगारावर मिळणार? तुमच्या ओळखीत इंग्लिश मीडियमला शिकवणारी एखादी मुलगी असेल, बीएड झालेली, तिला पगार विचारा. आठ हजार सांगेल, दहा सांगेल, सुट्टीतला पगार नाही हे पण सांगेल. खासगी शाळा कमी पैशात चालते याचं गुपित मॅनेजमेंट-बिनेजमेंट काही नाही, हे आहे. (सरकार तरी कुठं धुतल्या तांदळाचं, शिक्षण सेवक नावाने तीन वर्षं ६ हजारांवर राबवून घेत होतं, २०२३ पासून १६ हजार केले.) फुल्यांनी १८८२ ला मास्तरच्या पगारापासून सुरुवात केली ती उगाच नाही. कुपनाची रक्कम शिक्षकाच्या नियमातल्या पगारावरून काढली तर ती १७ हजारात बसत नाही, आणि ती वाढवायची म्हटली तर व्हाउचरने पैसे वाचतात हा जो मूळ दावा आहे तोच गेला.

बाहेरच्या देशात काय झालं तेही बघा, नुसतं अमेरिका अमेरिका करू नका. अमेरिकेत मिलवॉकी शहरात १९९० ला सुरू झालं ते फक्त गरीब कुटुंबांसाठी होतं. आता ॲरिझोनासारख्या राज्याने २०२२ पासून ते सरसकट सगळ्यांना केलं आणि पैसे घ्यायला पहिल्यांदा पुढे आले त्यात आधीपासूनच खासगी शाळेत असलेली किंवा घरी शिकणारी मुलं भरपूर होती, म्हंजे निवड वाढली कमी आणि आधीच निवडलेल्यांची फी सरकारने उचलली. चिलीने १९८१ ला देशभर केलं, नंतर शाळांना वरून फी घ्यायची मुभा दिली, आणि ज्याला वरचे पैसे परवडतात त्याची शाळा वेगळी, ज्याला नाही त्याची वेगळी अशी उभी फाळणी झाली. शेवटी विद्यार्थी रस्त्यावर आले आणि २०१५ च्या कायद्याने वरची फी, नफा आणि मुलं निवडून घेणं हे सगळं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. स्वीडनने १९९२ ला केलं पण काही वर्षांतच वरून एक पैसा घ्यायला बंदी घातली. म्हणजे व्हाउचर चांगलं का वाईट हे कुपनात नसतं, बारीक अक्षरातल्या अटींमध्ये असतं, शाळेला मूल नाकारता येतं का, वरून पैसे घेता येतात का, पैसे वेळेवर मिळतात का. आपल्याकडे तिन्हीची उत्तरं आरटीईच्या अनुभवावरून तुम्हीच द्या.

पैशाच्या अटीने शाळा कशा वळतात याचं घरचं उदाहरण हवं असेल तर गोवा. १९९० ला शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं की प्राथमिकला अनुदान फक्त कोकणी-मराठी माध्यमाला, तर चर्चच्या संस्थेच्या इंग्रजी प्राथमिक शाळांनी बहुतेक कोकणी माध्यम घेतलं. २०११ ला कामत सरकारने इंग्रजीलाही अनुदान द्यायचं ठरवलं आणि त्या परत इंग्रजीकडे वळल्या, त्यावरून आंदोलन झालं, भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, २०१६ ला त्याचे नेते आणि गोव्यातल्या संघाचे (आरएसएस) प्रमुख सुभाष वेलिंगकर यांचं संघातलं पद गेलं, राजकारण ढवळून निघालं. पालकांना काय हवं होतं हे तेव्हाही माहीत होतं. शाळा हलल्या त्या अनुदानाच्या जीआरने.

निवड कोण करतं हे मला पडताळणीच्या टेबलावर सगळ्यात स्वच्छ दिसलं. फॉर्ममध्ये दहा शाळा टाकता येतात, घराचं लोकेशन गुगल मॅपवर पिन करायचं, माझ्या वेळी १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी, मग १ ते ३ असा क्रम होता. तर पिन अशा जागी टोचलेल्या असायच्या की विचारू नका, एकाचं घर शाळेच्या ग्राउंडवर, एकाचं तळ्यात. नोंदणीकृत भाडेकरार लागतो म्हटल्यावर शाळेजवळच्या एकाच खोलीत चार-चार कुटुंबं कागदावर राहायला. खुल्या गटातल्याला १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो, मग तहसीलचे दाखले बघाल तर ९६ हजार, ८४ हजार, ९६ हजार, आणि बाहेर फोर व्हीलर. वंचित गटाला उत्पन्नाची अटच नाही, नुसता जातीचा दाखला पुरतो, त्यामुळे ओबीसीतला गुत्तेदार (कंत्राटदार) आणि ओबीसीतला हमाल एकाच चिठ्ठीत, आणि गुत्तेदाराचा फॉर्म चांगला भरलेला असतो. हे मी तुमच्या जातीबद्दल बोलत नाहीये, मी स्वतः ओबीसी आहे, उत्पन्नाची काहीतरी अट सगळ्यांना पाहिजे हे माझं मत आहे आणि खात्यात असताना पण बोलायचो. आणि एवढं करून दरवर्षी कितीतरी जागा रिकाम्याच राहतात, कारण नंबर कमी फीच्या, नाव न ऐकलेल्या शाळेत लागतो, पालक म्हणतो याच्यापेक्षा झेडपी बरी. बरोबरच म्हणतो.

म्हणून माझं म्हणणं, ज्या वस्तीत डॉक्टर आणि मावशी दोघं राहतात तिथं २५ टक्क्यांचा फायदा मी डोळ्याने बघितलाय, पोरं मिसळतात, घरातलं दुसरं पोर पण शिकतं, त्याला हात लावू नका. पैसे मात्र जूनच्या आधी निम्मे आणि दिवाळीनंतर निम्मे असे शाळेच्या खात्यात गेलेच पाहिजेत, शालार्थने पगार होतात तसे, मग नोटीस काढताना आमची पण मान वर राहील. आणि झेडपीसाठी आरटीईचा पैसा ओढायची गरज नाही, पटावर पद मोजायचं सोडून इयत्तेवर मोजा, पाच वर्ग असतील तर निदान तीन शिक्षक, पट कितीही असो. महाग पडेल? पडू दे की, वाडीवरच्या पोराला दुसरी शाळाच नाही तर त्याला कुपन देऊन तो जाणार कुठं.

आता तुमच्या मुलीचं. फॉर्म जरूर भरा, भरण्यात काही जात नाही, पण दहाच्या दहा शाळा टाकायच्या म्हणून टाकू नका, कारण एकदा आरटीईतून प्रवेश घेतला की दुसऱ्या शाळेसाठी आरटीईतून परत अर्ज करता येत नाही. ज्या शाळेत नंबर लागला तर तुम्ही खरंच घालाल अशाच टाका. शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात फी विचारू नका, गेटवर तिथल्याच आरटीईच्या दोन पालकांना गाठून वर्षाला खिशातून किती जातात ते विचारा, बस, ड्रेस, पुस्तकं, सगळं धरून. आरटीईची मुलं सगळ्या तुकड्यांत वाटलीत की एकाच तुकडीत कोंबलीत ते विचारा. शिक्षक दरवर्षी बदलतात का ते विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नववीची फी आजच विचारून ठेवा. कायदा आठवीला संपतो, चौदा वर्षं झाली की सरकारचा हात सुटला, नववीच्या जूनमध्ये पूर्ण फी तुमच्यावर. मी दर उन्हाळ्यात बघायचो, आठवी पास झालेली आरटीईची पोरं दाखला घेऊन अनुदानित हायस्कूलच्या दारात, इंग्लिश मीडियममधून एकदम सेमीत, संस्कृत की हिंदी हे पण माहीत नाही आणि दहावी दोन वर्षांवर. तुमच्या गावात अनुदानित शाळेचा सेमीचा वर्ग पाचवीपासून असेल तर मी तुमच्या जागी असतो तर पहिली ते चौथी झेडपी (शिक्षक पूर्ण असतील तर, जाऊन हजेरीपट बघा, कोणी नाही म्हणत नाही) आणि पाचवीला तिकडे, हा पर्याय आरटीईच्या शेजारी ठेवून बघितला असता. शिक्षक पूर्ण नसतील तर आरटीई घ्या आणि नववीचे पैसे पहिलीपासून महिन्याला थोडे थोडे आरडीत टाका. जातीच्या दाखल्यावर तुमचं नाव आणि मुलीच्या जन्मदाखल्यावरचं तुमचं नाव अक्षरशः सारखं आहे का तेवढं आजच तपासा, वेलांटी-उकाराच्या फरकावरून परत पाठवलेले पालक मी खूप बघितलेत, आणि दुरुस्तीला तहसीलमध्ये महिना जातो.